एक रुपयाची फट

बोपदेव उतरताना तिसऱ्या वळणावर
मागचा टायर खडीवरून असा सरकला
की मी मोठ्यांदा म्हणाले, ‘अगंबाई!’
ऐकायला फक्त शेंदूर लावलेला एक दगड होता.

म्हणून आज कॉलेजच्या लॅबला साडेचारलाच कुलूप
आणि नाना पेठ, मुनाफ बागवानचं दुकान.

तो टायर उलटा करतो.
टोच्यानं एकेक उकरून
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडतो:
हिरव्या बाटलीची काच,
स्टेपलरची पिन,
ट्रकच्या फुटक्या टायरातली केसाएवढी तार.
‘ही सासवड रोडची,’ म्हणतो, वास घेतल्यासारखं.
दोन वर्षं मला वाटत होतं, मी रस्त्यावरून जाते.
रस्ताही थोडा थोडा घरी येत होता की.

‘मागचाच बदलू ना?’
(एकाची किंमत ऐकली आहे.
माझ्या पहिल्या अख्ख्या सायकलीला
घंटी, कॅरियर, कुलूप धरून
याच्या निम्मेही लागले नव्हते.)
मुनाफ पुढचा टायर दुमडून दाखवतो.
कडेला बारीक भेगा, जानेवारीतल्या टाचांसारख्या.
‘मॅडम, मागचा झिजतो. पुढचा वाळतो.
वजन कमी असलं तरी ऊन लागतंच.’

मला उगाच नीलाक्षी आठवते.
आईचं सगळं मी केलं. ती नाशिकहून फोन करायची.
मी झिजले, असं सगळे म्हणाले.
तिच्याबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही.

‘बरं, दोन्ही.’

आता प्रश्न रुंदीचा.
रविवारच्या ग्रुपातला ओजस,
जो खिशातलं केळंसुद्धा काट्यावर तोलून निघतो,
त्यानं बजावलंय: तेवीसच घ्या, तेवीस म्हणजे सुरी.
मला सुरी नको आहे.
एकावन्नावं चालू आहे, स्वारगेटच्या पुलाचा प्रत्येक सांधा
माझा मणका मोजून ठेवतो.
मला काहीतरी भाकरीसारखं हवंय,
खड्ड्यावर न चिडणारं.
‘अठ्ठावीस लावा.’

तो काही न बोलता लावतो. चाक फिरवतो.
खर्र.
खिशातून रुपया काढतो,
टायर आणि ब्रेकच्या कमानीमध्ये सरकवतो.
‘रुपया आरपार गेला पाहिजे.’
रुपया अडतो.
मी वाकून बघते. तो पुन्हा ढकलतो. अडतोच.
ही फ्रेम कुणीतरी कुठल्यातरी
गुळगुळीत रस्त्यांच्या गावात बसून आखली असणार;
मऊ व्हायचं मी ठरवलं खरं,
पण तेवढी जागा ठेवलेलीच नाही.

पंचवीस. रुपया जातो, जरा खरवडत.

मुनाफच्या आजोबांची मंडईत आंब्यांची गादी होती.
अंगठा तो अजून तसाच ठेवतो, न दुखवता.
‘एकशेदहा भरत होता ना? चूक.
हवा कमी ठेवा, तेवढंच हातात आहे. वजन?’
‘छप्पन्न.’
‘मग साठला मागं ऐंशी, पुढं पंच्याहत्तर,’ तो म्हणतो
आणि माझ्याकडे बघत नाही.

टायरावरचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणतो.
पंक्चरची जागा सापडते म्हणे त्यानं.
‘जुने टाकू?’
‘मागचा टाका. पुढचा द्या.’
का, ते तोही विचारत नाही.
खांद्यावरून तिरका अडकवला.

नव्या टायरला जावळ असतं,
रबराचे बारीक उभे केस.
टिळक रोडच्या सिग्नलला मी वाकून बोट फिरवलं
तर मागचा रिक्षावाला म्हणाला, ‘काय सांडलं का ताई?’
नाही, म्हटलं, काही नाही.
मामाची मांडी नाही, कात्री नाही, वाटीत पाणी नाही.
दांडेकर पुलापर्यंत
निम्मं गेलेलं असेल.